जेवणाच्या वेळची आठवण

माय, तुला मरून इतकी वर्षं झाली की तेव्हा जी माझ्या मांडीवर दूध पीत होती, तिची पोरगी आता नागपूरला डॉक्टरीण आहे. म्हणजे तुझी पणती. तू तिला पाहिलं नाही, तिनं तुला पाहिलं नाही, अन् फोटो काढायची तर आपल्या घरात रीतच नव्हती. तरी दिवाळीनंतर ती सौंसरला आली तेव्हा दिवसभर तुझंच विचारून राहिली होती. ती गेल्यापासून माझ्या डोक्यात तू बसली आहेस, उठायचं नाव नाही. म्हणून आज लिहायला बसली. दुसरं कारण असं, की दिवाळीच्या आधीपासून माझाही घास अडकून राहिला आहे. भाकरीचा. तुझा अडकायचा तसाच, इथं छातीच्या मधोमध. हे कालपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. मी शाळेत किती गेली ते तुला माहीत आहे, दुसरीतून तूच काढलं, धाकट्याला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून. बोलताना मी अजून मले-तुले करते, पण हातात पेन आला की मास्तरची छडी दिसते अन् कागदावर आपोआप मला-तुला उमटतं. हसू नको.

तर ही पोरगी. ती घास गिळायच्या नळीवर अभ्यास करते, तिथं होणाऱ्या कॅन्सरवर. ते लोक तिला अन्ननलिका म्हणतात. मी नळी म्हणते. याच्या आधी तिचा एक लेख पोटातल्या जखमांवर अन् आम्लपित्तावर छापून आला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, "तुले काही चांगलं नाही सापडलं का व? लोकाच्या पोटातलं सारं जगाले सांगून राहिली." तर म्हणते, "आजी, पोटातलं पोटात राहिलं त लोक मरतात. सांगाच लागते." जबान तिची माझ्यावर गेली आहे, तिच्या आईसारखी मिळमिळीत नाही. या खेपेला नळीवरचा लेख घेऊन आली. इंग्रजी. गुळगुळीत कागद, वर तिचं नाव, नावाच्या मागं-पुढं तिच्या साहेबांची नावं. छपरीत चटई टाकून मला वाचून दाखवायला बसली, एक ओळ इंग्रजी, एक ओळ आपली. मधल्या पानावर दांड्याच दांड्या काढलेल्या. काही काळ्या, काही पांढऱ्या, एक उंच, एक बुटकी.

"ह्या कायच्या तुराट्या उभ्या केल्या?" मी विचारलं.

"तुराट्या नाही व आजी, माणसं आहेत. ह्या काळ्या तंबाखू खाणाऱ्यांच्या. ह्या न खाणाऱ्यांच्या."

"यातली तुही पणजी कोणती?"

ती म्हणाली, "पणजी यात नाही. हे दवाखान्यात आलेले लोक आहेत. पणजी दवाखान्यात गेलीच नाही ना." मग पेन काढला अन् पोलीस बसतो तशी बसली. "सांग बरं, पणजी कशानं गेली?"

मी आजपर्यंत जे सांगत आली तेच सांगितलं. खाणं सुटलं, म्हणून गेली. पण तिचं तेवढ्यानं भागत नाही. खाणं कसं सुटलं, आधी काय सुटलं, मग काय. तंबाखू खायची का. किती. चुन्यासंगं की नुसती. झोपताना गालात राहायची का. कढत खायची का. फळ खायची का. मी सांगत गेली अन् माय, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू मला पूर्ण दिसली, पायापासून डोक्यापर्यंत. एरवी तुझा हात तेवढा दिसायचा, भाकर थापणारा.

तंबाखूचा बटवा तुझ्या कमरेला, लुगड्याच्या ओच्यात. पांढुर्ण्याच्या घरात तो बटवा दिसला नाही तर आम्ही पोरं तुला शोधायला निघायचो, कारण बटवा नाही म्हणजे तू घरात नाही. भाऊ जन्मला तेव्हा दाढ दुखत होती म्हणून कोणी सांगितली, ती दाढ पडून गेली पण तंबाखू राहिली. आंबील मात्र तू चुलीवरून उतरवली की तशीच प्यायची, फुंकायला तुला वेळ कुठं होता. आणि फळ. मी पोरीला म्हटलं, "अव, संत्र्याच्या मुलखातली बाई, फळ खायची का म्हणून काय विचारते?" मग मलाच आठवलं. बागेत संत्री निवडायला तूच बसायची. चांगली एका ढिगात, ती टोपल्यांत भरून नागपूरला. मध्यम एका ढिगात, ती बाजारात. डागी आम्हा पोरांना. तू कधी संत्रं सोललं तर त्याच्या फोडी आमच्या हातात जायच्या, तुझ्या बोटाला सालीचा वास तेवढा राहायचा. मी म्हटलं, "लिही, नाही खायची." तिनं लिहिलं. मग म्हणाली की फळं-भाजी कमी खाणाऱ्यांना हा आजार जास्त होतो असं दिसते. मी म्हटलं, मग या गावातल्या साऱ्या बाया तुझ्या दांड्यांत घे.

मग तिनं विचारलं, "घास अडकाले लागला तवा घरचे काय म्हणत?" आणि इथं मला सगळं सांगावं लागलं.

तुला तर माहीतच आहे, पण मी माझ्या बाजूनं कधी सांगितलं नाही. आपल्यात जेवताना घास अडकला की कोणीतरी आठवण काढली म्हणतात. मग नावं घ्यायची, ज्याच्या नावाला घास उतरला त्यानं काढली. तुझा पहिला घास अडकला तेव्हा मी सासरी येऊन वर्षही झालं नव्हतं. वहिनी म्हणायची, "आत्याबाई, पाणी घ्या, कोणी तरी याद करून राहिलं," अन् नावं घेत जायची. मामा, काकू, तिगावची मावशी. कोणाच्या नावाला उतरायचा नाही, माझं नाव आलं की उतरायचा. घास तोवर पाण्यानं भिजून जात असेल हे आता समजतं, पण तेव्हा माझं नाव शेवटी यायचं ना. तू खूश. गावभर सांगत फिरली म्हणे, माझी लेक सौंसरात बसून माझी आठवण काढते अन् इथं माझ्या गळ्यात पोचते, तार करायचं काम नाही.

आणि मग तुझा तो निरोप. कापसाची गाडी घेऊन आलेला आपल्या गावचा गाडीवान सासरच्या अंगणात उभा राहिला, सासू-सासरे, दीर, सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाला, "बाई, तुह्या मायनं सांगून धाडलं. आठवण काढ म्हने, पन जेवनाच्या टाइमाले नोको काढू. घास अटकते माहा." सगळे हसले. सासू म्हणाली, "घ्या, आता माहेराची आठवणही टाइम पाहून काढा." तू मस्करी केली होती. मी सोळा-सतरा वर्षांची, मला ती मस्करी समजली नाही. मला वाटलं खरंच माझ्यामुळं तुझा घास अडकून राहिला आहे.

मग मी काय केलं ते तुला हसू येईल. ताटावर बसली की तू यायचीच. भाकर मोडली की तुझा हात यायचा, वरण ओतलं की तुझं "चावून खाय, पोरी, ताट काही पळून नाही चाललं" कानात यायचं. ते यायच्या आधी मी पाढे सुरू करायची. दोन वर्गांत तेवढंच शिकली होती. बे एक बे, बे दुणे चार. एक घास, एक ओळ. बारापर्यंत जेवण व्हायचं. नाही झालं तर पुन्हा बे पासून. धाकटी जाऊ सासूला सांगायची, ही मनातल्या मनात मंतर मारते. सासू म्हणाली मारू दे, पोटाला लागतो ना मंतर. तुझ्या जावयानं एकदा विचारलं, जेवताना एवढं काय पुटपुटते? मी म्हटलं, हिशेब. तो खूश झाला, बायको हिशेबी आहे म्हणून. हळूहळू जमलं. जेवताना तू यायची बंद झाली. मग दळताना बंद झाली, मग धुणं धुताना. एकदा बांध घातला की पाणी दुसऱ्या वाफ्यातही जात नाही, तसं झालं. लोक म्हणतात ही म्हातारी कोरडी आहे, नवरा मेला तरी डोळ्यातून टिपूस नाही. त्यांना काय माहीत, मी ते काम शिकून घेतलं होतं.

बाळंतपणानंतर बैलांच्या दमणीत बसून मी माझ्या तान्ह्या पोरीला घेऊन पांढुर्ण्याला आली, ती आपली शेवटची भेट. तोवर तुझी भाकर सुटली होती. ज्वारीच्या कण्या भिजवून खायची, त्याही अर्ध्या परत यायच्या. जामसांवलीच्या मारुतीचं तीर्थ आणलं होतं, ते तेवढं खाली उतरलं, म्हणून सगळ्यांना वाटलं आजाराला उतार पडला. तुझ्या गळ्याची हाडं दिसून राहिली होती अन् तू माझ्यासाठी बेसनाच्या पातोडीचा रस्सा करायला चुलीपुढं बसली. वहिनी म्हणाली मी करते, तर तिच्या हातातला पोळपाट ओढून घेतला. मग मला वाढलं अन् समोर बसली. मी घास तोंडात घातला की तू माझ्या तोंडाकडे पाहायची. मी गिळला की तुझा गळा हालायचा. मी पाहिलं ते. मग मी खात गेली. पोट भरलं तरी खात गेली, कारण माझ्या प्रत्येक घासाला तुझा गळा हालून राहिला होता अन् तुझ्या तोंडावर जेवणाऱ्या माणसाचं समाधान होतं.

तू विचारलं, "आता तं नाही ना व काढत जेवताना?"

"नाही. तू सांगून धाडलं तवापासून नाही."

"अजिबात?"

"अजिबात. पाढे म्हणते."

तू हसली. हसताना खोकला आला, तो थांबेना. थांबल्यावर म्हणाली, "मंग कोण काढते व माही एवढी आठवण? आता तं पाणीबी अटकते."

वहिनी म्हणाली, "तिगावची मावशी असंन."

"ते कायची काढते. तिले तिचंच पुरे." मग तू माझ्याकडं पाहून हळूच म्हणाली, "तूच काढत असशीन. तुले समजत नसंन."

आणि मी म्हटलं, "नाही व माय. शपथ. मी नाही काढत." मला वाटलं मी तुला सुखाची गोष्ट सांगून राहिली आहे. तू मान हलवली, बटवा काढला, चिमूट गालात ठेवली अन् माझ्या पोरीला घेऊन अंगणात गेली. पुढचा पाणी पिण्याचाही त्रास मी पाहिला नाही, वहिनीनं पाहिला. त्या दिवशी तुला कोणतं उत्तर पाहिजे होतं ते मला आता समजतं. पण मी काही त्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन फिरली नाही. तू सांगितलं ते मी ऐकलं. लेकीचं काम तेवढंच असतं, अन् माझ्यामागं कामं पुष्कळ होती.

हे सगळं मी पोरीला सांगितलं. तिचा पेन कधीचा थांबला होता. मी म्हटलं, "तुह्या लेखात हे लिहिलं आहे का, आठवण काढली त घास अटकते म्हणून?"

"आजी, हे छापलं त माही डिग्री काढून घेतील," म्हणाली अन् हसली. मग हसणं बंद करून पानावर एका जागी बोट ठेवलं. "पण हे पाहा. इथं लिहिलं आहे, लोक उशिरा येतात. भाकर अडकते तवा येत नाही, पाणी अडकते तवा येतात. मंग आमच्या हातात काही राहत नाही. अन् विचारलं त बरेच जण हेच सांगतात. कोणी याद करून राहिलं असंन वाटलं. कोणाची नजर लागली वाटलं. घाईत खाल्लं वाटलं."

"हे लिहिलं का?"

"नाही. उशीर झाला एवढंच लिहिलं. काहून झाला त्याले जागा नव्हती."

मग मला बजावलं की गावात कोणाची भाकर अडकली असं कानावर आलं की लगेच नागपूरला पाठव, दुर्बीण घालून पाहतात, लवकर आलं तर उपाय असतात. मी म्हटलं पाठवते. आणि खोटं नाही सांगत, पाठवलं. शेजारणीचा नवरा छातीत अडकते, जळजळ होते म्हणून महिना झाला कुरकुर करत होता, शेजारीण म्हणे त्याची बहीण याद करून राहिली. मी तिच्या अंगणात जाऊन म्हटलं, "तुही नणंद काय फुकट बसली आहे का दिवसभर याद करत? घाल त्याले बसमधे." तो गेला. पोरीनं दुर्बीण घातली, नुसतं आम्ल निघालं, नळी चांगली. गोळ्या घेऊन आला अन् आता पुन्हा वांग्याची भाजी ओरपून राहिला आहे. मला पाहिलं की तोंड वाकडं करतो, म्हातारीनं उगाच गळ्यात नळी घालायला लावली म्हणून. मी म्हटलं, वाईट निघालं असतं तर पाया पडला असता का?

तू म्हणशील, जगाला शहाणपण शिकवते, मग स्वतःचं काय. तेच सांगून राहिली. पोरगी आली त्या दिवशीही माझा अडकत होता. तिला आधी वाढलं, म्हटलं मी मागून जेवते. ती म्हणाली, आजी, आता कोण मागून जेवते, बस ना संगं. मी म्हटलं, सवय आहे. आपल्यात बाया मागून जेवतात त्याचा हा एक फायदा, कोण काय गिळतं ते कोणी पाहत नाही. ती एवढी गळ्यांची डॉक्टरीण, पुढ्यात बसून तीन पोळ्या खाऊन गेली अन् मी स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून भाकर दुधात कुस्करली.

घरात एरवी मी एकटीच आहे माय. तुझा जावई गेला, मुलगा भोपाळला नोकरीत, सून तिथंच शाळेत. बाग ठेक्यानं दिली आहे, ठेकेदाराची माणसं येतात, संत्री तोडतात, कोणी "आजी, बरं आहे ना" म्हणतो, तेवढंच. दिवाळीला सगळे येतात, टीव्हीपुढं बसतात, चार दिवसांनी जातात. मग मी एका भाकरीचं पीठ मळते. एका भाकरीचं पीठ मळायला हात लाजतो, परातीत कुठं हरवून जातं. ती एक भाकर घेऊन बसली की घरात चावण्याचा आवाज येतो. पाढे आता म्हणत नाही. कोणासाठी म्हणू? जेवताना तू येत नाही अन् दुसरंही कोणी येत नाही. पोरीच्या लेखानंतर मी मुद्दाम एकदा तुला बोलावून पाहिलं, ताटावर बसून. तुझा हात नाही आला. आला तो तुझा हालणारा गळा.

संक्रांत झाली तशी कण्यांवर आली. तेव्हा मात्र म्हटलं, बस. भाकर गेली, आता कण्या, पुढचं मला पाठ आहे. काल पोस्टातून एक कार्ड आणलं अन् पोरीला लिहिलं. भाकर अडकून राहिली आहे, दिवाळीच्या आधीपासून. बुधवारी सकाळच्या बसनं येते. तुझ्या आईला आताच सांगू नको, ती रडत बसेल, मला रडणारं माणूस चालत नाही. दुर्बीण घालायची ती घाल. पेटीत टाकून आली, टाकताना हात अडला नाही. ती रागावेल. उशीर काहून केला म्हणून विचारेल, अन् मी म्हणेन, बागेचा ठेका होता, थंडी होती, शेजारीण आजारी होती. तिच्या कागदावर त्याला तसंही जागा नाही.

हा कागद काही कुठल्या पेटीत टाकायचा नाही. म्हणून खरं कारण यात लिहून टाकते. तिनं लेख वाचून दाखवला, मला सगळं समजलं, दुसऱ्याच्या नवऱ्याला बसमध्ये घातलं, अन् त्यानंतरही माझा घास अडकला की मी हात थांबवून नावं घेत होती. मुलाचं. सुनेचं. नातवांचं. शेवटी या पोरीचं. तिच्या नावाला उतरला की बरं वाटायचं.